पार्क रात्री बंद होतं तेव्हा

नवीन वॉटर पार्क उघडलं की पहिल्या आठवड्यात जायचं नाही असं मी दरवेळी ठरवते, कारण निम्म्या स्लाइडना अजून दोरी बांधलेली असते, लॉकरच्या किल्ल्या कुणाला सापडत नसतात आणि लाइनमध्ये उभं राहण्यातच दिवस जातो. पण या वेळी लेकीनं हट्टच धरला, कारण या पार्कमध्ये प्राणी होते. फायबरच्या डॉल्फिनच्या तोंडातून पाणी पडतंय तसले नाही, जिवंत. एका स्लाइडची पारदर्शक नळी थेट माशांच्या टँकमधून जाते, पाकटांना, म्हणजे स्टिंगरे माशांना, हात लावता येतो, पेंग्विन आहेत, फ्लेमिंगो आहेत, हे सगळं तिनं आधीच व्हिडिओत बघून ठेवलं होतं. लेक ८ वर्षांची आहे. तिला नाही म्हणायला माझ्याकडे कारण नव्हतं, मलाही बघायचंच होतं खरं तर.

तर ती स्लाइड. पाऊण तास लाइन लावून ती वर गेली, खाली आली, मी विचारलं दिसले का मासे, तर म्हणाली, "नाही गं आई, नुसतं निळं दिसलं." परत गेली. परत निळंच. तिसऱ्यांदा म्हणे एक पिवळं काहीतरी दिसलं, पण ते मासा होतं की समोरच्या मुलीची चड्डी ते तिला सांगता येईना. वेगच इतका असतो की टँकमधला भाग दोन-तीन सेकंदांत संपतो, शिवाय डोळ्यात पाणी उडत असतं.

ती परत लाइनीत लागली आणि मी टँकच्या बाहेरच्या काचेपाशी जाऊन बसले. तिथं एक बाक ठेवलाय, त्यावर कुणीच नव्हतं. मी तिथं जवळजवळ तासभर बसले. त्या तासात मला पार्क उलट्या बाजूनं दिसलं, म्हणजे माशांच्या बाजूनं. नळीतून एक माणूस धडधडत गेला की माशांचा थवा एकदम वळायचा, आणि मग हळूहळू परत जागेवर यायचा, तोवर पुढचा माणूस. माशांना अंगाच्या दोन्ही बाजूंना एक बारीक रेघ असते, पार्श्वरेषा म्हणतात तिला, पाण्यातली थरथर त्यांना तिच्यातून कळते. म्हणजे आपल्याला जो नळीतला आवाज वाटतो तो त्यांच्या अंगावर येत असणार. तासाभरानं माझ्या लक्षात आलं की सगळेच वळत नाहीयेत, काही मासे नळीपासून लांब, खालच्या कोपऱ्यात एका खडकामागे जाऊन थांबलेत आणि तिथून हलतच नाहीयेत. ते सवय झाल्यामुळे शांत होते की त्रास होतोय म्हणून तिथं गेले होते, हे मी बघून सांगू शकत नाही. पण मी त्यांच्याकडेच बघत राहिले.

ही नळीची कल्पना काही नवी नाही. अमेरिकेत ऑर्लँडोला ॲक्वाटिका नावाचं वॉटर पार्क २००८ मध्ये सुरू झालं, समुद्री प्राण्यांचे शो करणाऱ्या सीवर्ल्ड कंपनीचंच, आणि त्यातलं मुख्य आकर्षण होतं डॉल्फिन प्लंज. शेजारी शेजारी दोन नळ्या, आणि त्या कॉमरसन डॉल्फिनच्या तलावातून जाणाऱ्या. हे डॉल्फिन लहानसे असतात, साधारण दीड मीटरचे, काळे-पांढरे, दक्षिण अमेरिकेच्या अगदी टोकाजवळच्या गार समुद्रातले. फ्लोरिडाच्या उन्हात त्यांच्यासाठी पाणी सतत थंड ठेवायचं, आणि त्या थंड पाण्यातून माणसांनी किंचाळत जायचं. २०२२ मध्ये त्या स्लाइडचं नाव बदलून रीफ प्लंज केलं, डॉल्फिन गेले, त्या जागी लेपर्ड शार्क आणि मासे आले. मी ते वाचलं तेव्हा मला बरं वाटलं आणि लगेच प्रश्न पडला की माशांना चालतं असं आपण कशावरून ठरवतो? डॉल्फिनचा चेहरा हसरा दिसतो, तो ओरडतो, म्हणून त्याची बाजू घ्यायला माणसं उभी राहतात. माशाला चेहऱ्यावर काहीच दाखवता येत नाही.

पाकटांच्या तलावापाशी एक तरुण मुलगी होती, कीपर, गुडघाभर पाण्यात उभी. दोनच बोटं, पाठीवरून, हळू, शेपटीकडे हात न्यायचा नाही, असं प्रत्येक मुलाला ती तितक्याच प्रेमानं सांगत होती. दिवसात किती वेळा सांगावं लागत असेल. पाकटांच्या शेपटीवरचे काटे कापलेले होते, नखासारखेच असतात ते, परत वाढतात आणि परत कापावे लागतात. गर्दी जरा ओसरली तेव्हा मी तिच्याशी बोलले. मोठा टँक इतका मोकळा का, मासे कमी का, असं विचारलं, तर तिनं जे सांगितलं ते मला त्या दिवसातलं सगळ्यात इंटरेस्टिंग वाटलं. म्हणाली, पाणी अजून नवीन आहे. मासे एकदम सोडता येत नाहीत. माशांच्या मलमूत्रातून अमोनिया सुटतो, तो विषारी, त्याचं नायट्राइट करणारे बॅक्टेरिया वेगळे, ते नायट्राइटही विषारीच, मग त्याचं नायट्रेट करणारे बॅक्टेरिया अजून वेगळे, आणि हे सगळे बॅक्टेरिया फिल्टरमध्ये रुजायला कित्येक आठवडे लागतात. त्यात घाई करता येत नाही. उद्घाटनाची तारीख ठरली म्हणून बॅक्टेरिया लवकर वाढत नाहीत.

म्हणजे बघा, एकाच पार्कमध्ये दोन पाणी आहेत. स्लाइडच्या पाण्यात क्लोरीन, कारण त्या पाण्यात काहीही जगता कामा नये. आणि टँकच्या पाण्यात नेमकं उलट, तिथं डोळ्याला न दिसणारे जीवसुद्धा जगवायचे, तरच मासा जगेल. दोन्हीच्या मध्ये ॲक्रिलिकची एक भिंत. माझी लेक एका पाण्यात बसून दुसऱ्या पाण्यातून जात होती. हे मला फार विलक्षण वाटलं आणि मी तिला ते सांगितलंही, पण ती पाकटाच्या पाठीला हात लावण्यात गुंग होती, म्हणाली, ओल्या मशरूमसारखं लागतंय.

मग तिनंच त्या कीपर मुलीला विचारलं, "ताई, रात्री यांना कुठं ठेवता?"

"इथंच."

"आणि पार्क बंद असतं तेव्हा?"

"तेव्हापण इथंच. आम्ही येतो ना रोज."

एवढंच बोलणं झालं. पण ते 'इथंच' माझ्या डोक्यातून जाईना. वॉटर पार्क ही मुळात बंद करायची वस्तू आहे. संध्याकाळी बंद होतं, सीझन संपला की बंद होतं, पंप थांबवला की स्लाइड म्हणजे नुसता कोरडा पन्हाळ, उद्या परत चालू केला की झालं. प्राण्याचा पंप थांबवता येत नाही. टँकच्या मागं एक लांबट, बिनखिडक्यांची इमारत होती, तिच्यातून सतत घूं असा आवाज येत होता, वाळूचे फिल्टर, ओझोन, पाणी थंड करायची मशिनं, सगळं तिथं. गाणी वाजत होती म्हणून तो आवाज लक्षात यायचा नाही, पण एकदा कानाला लागला की मग सारखा ऐकू येत राहिला.

तो आवाज थांबला तर काय होतं हे २००५ मध्ये अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सच्या मत्स्यालयात दिसलं. कतरिना वादळात इमारत बऱ्यापैकी टिकली, पण वीज गेली, मग जनरेटर बंद पडला आणि तिथल्या हजारो माशांपैकी बहुतेक सगळे मेले. पाणी होतं तसंच होतं, टँक फुटले नव्हते, फक्त पाण्यात ऑक्सिजन मिसळायचं थांबलं. पेंग्विन वाचले, १९ होते, त्यांना कॅलिफोर्नियात माँटेरे बेच्या मत्स्यालयात हलवलं. त्याच वादळात मिसिसिपीतल्या गल्फपोर्टला एका सागरी पार्कचा टँक लाटेनं उद्ध्वस्त झाला आणि ८ डॉल्फिन समुद्रात वाहून गेले. दोनेक आठवड्यांनी सापडले ते, आठही, एकत्र. जखमी, उपाशी, आणि माणसं बोटीतून मासे घेऊन गेली तर जवळ आले. ही गोष्ट लोक आनंदानं सांगतात आणि ती आनंदाचीच आहे, पण मी वाचताना थबकले ते वेगळ्याच ठिकाणी. सगळा समुद्र समोर मोकळा होता आणि त्यांना खायला कसं मिळवायचं ते नीट जमत नव्हतं. टँकमध्ये वाढलेल्या जनावराला नुसतं दार उघडून देणं म्हणजे सोडणं नव्हे. केइको नावाचा ऑर्का, म्हणजे किलर व्हेल, होता, आइसलँडजवळ १९७९ मध्ये पकडलेला, त्याला परत समुद्रात नेण्यासाठी किती वर्षं किती लोक राबले, तो नॉर्वेपर्यंत पोहत गेलासुद्धा, पण तिथंही माणसांच्याच जवळ येत राहिला, आणि २००३ च्या डिसेंबरमध्ये तिथंच गेला.

म्हणून मला वादळापेक्षा जास्त भीती वाटते ती साध्या, कुणाच्या लक्षात न येणाऱ्या बंद होण्याची. गर्दी कमी होते, मालक बदलतो, पैसे संपतात, एक दिवस गेटवर पाटी लागते.

जपानमध्ये चोशी गावाजवळ इनुबोसाकी मरीन पार्क होतं. २०१८ च्या जानेवारीत ते बंद झालं. आत एक डॉल्फिन मादी राहिली, हनी नाव तिचं, २००५ मध्ये ताइजीजवळ पकडलेली, आणि ४६ पेंग्विन. बंद पार्कमध्ये माणसं येऊन त्यांना खायला घालत होती, म्हणजे अगदी वाऱ्यावर सोडलं असं नाही. पण वरून काढलेल्या व्हिडिओत ती एका छोट्या तलावात एकटी तरंगताना दिसते, आजूबाजूला रिकाम्या गॅलऱ्या, आणि डॉल्फिन हा कळपातला प्राणी. २०२० च्या मार्चमध्ये ती त्याच तलावात मेली. त्या पार्कच्याही उद्घाटनाला फुगे असतील, मुलं असतील. बंद होण्याच्या दिवसाचा विचार तिथं कुणी केला असेल का, हे मला सारखं वाटत राहतं.

आणि हे फक्त वाईट किंवा गरीब पार्कचं आहे असंही नाही. फ्रान्सनं २०२१ मध्ये कायदा करून डॉल्फिन-ऑर्कांचे शो बंद करायचं ठरवलं, चांगला कायदा, मला मनापासून पटलेला. त्यामुळं आंतीबचं मरीनलँड २०२५ च्या जानेवारीत बंद झालं, आणि बंद झाल्यावर विकी आणि कीजो हे ऑर्का मायलेक तिथंच. कुठं पाठवायचं यावर महिनोन्महिने वाद. दोघंही टँकमध्येच जन्मलेले, समुद्र त्यांनी पाहिलेलाच नाही. कॅनडात नायगाऱ्याजवळच्या मरीनलँडमध्ये ३० बेलुगा व्हेल होते, कॅनडानं २०१९ मध्ये असे प्राणी करमणुकीसाठी ठेवण्यावर बंदी आणली होती, पार्क लोकांसाठी बंद झालं, मग पार्कनं ते बेलुगा चीनमधल्या एका पार्कला द्यायचं ठरवलं आणि सरकारनं २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये परवानगी नाकारली, कारण तिकडे परत शोच करावे लागणार. त्यावर पार्कचं म्हणणं की मग आम्हाला त्यांना मारावं लागेल, पोसायला पैसे नाहीत. प्रत्येकाच्या बोलण्यात काहीतरी तथ्य होतं, आणि ३० व्हेल तिथंच गोल गोल फिरत होते. भारतानं २०१३ मध्ये डॉल्फिनेरियम उभारायलाच मनाई केली ना, ते मला आता जास्त शहाणपणाचं वाटतं. आणून मग सोडवण्यापेक्षा आणूच नये.

आता कुणी म्हणेल मग लहान मुलांनी प्राणी बघायचेच नाहीत का, स्क्रीनवरच बघायचे का. हा प्रश्न मी स्वतःला त्या बाकावर बसून विचारत होते. आणि मला खरंच वाटतं की जवळून बघण्यानं फरक पडतो. माझी लेक पाकटाबद्दल आता जे बोलते ते व्हिडिओ बघून नसती बोलली. तिला माहितीये की तोंड खाली असतं, डोळे वर असतात, आणि अन्न डोळ्यांना न दिसता पोटाखालून कळतं, कारण वाळूत लपलेल्या जिवाची वीज त्यांना जाणवते. ते तिला त्या कीपर मुलीनं सांगितलं, पाकट समोर असताना. पण हे सगळं झालं ते त्या तलावापाशी पाऊण तास थांबल्यामुळे. नळीतल्या दोन सेकंदांतून तिला निळं मिळालं. स्लाइडला घाई लागते, प्राण्याला थांबणं लागतं, आणि ही दोन्ही एकाच नळीत घातली की प्राणी नुसता भिंतीवरच्या चित्रासारखा होतो. चित्रच हवं असेल तर चित्र लावा, छान प्रकाश सोडा, मुलांना त्या वेगात फरक कळायचा नाही. जिवंत जीव त्याच्यासाठी नको. हे माझं अगदी ठाम मत झालंय.

आणि दुसरं, जे प्राणी आणलेत त्यांच्या शेवटच्या दिवसाचा कागद पहिल्या दिवशी तयार हवा. पार्क बंद पडलं तर कोणता प्राणी कुठं जाणार, तिथं जागा आहे का, त्यांनी हो म्हटलंय का, आणि तोवरच्या खाण्याचे, डॉक्टरचे, विजेचे पैसे वेगळे काढून ठेवलेत का, जे मालकाला दुसरीकडे वळवता येणार नाहीत. एवढं गेटवर लिहून लावलं तर मी लाइनमध्ये उभं राहून वाचीन. मी पार्कला मेल करून हेच विचारलंय. अजून उत्तर आलेलं नाही, आलं की परत विचारायचे अजून दोन-तीन प्रश्न लिहून ठेवलेत.

कारण आयुष्यांचा हिशेबच जुळत नाही. स्लाइडचा रंग काही वर्षांत उडतो, नवी राइड आणावी लागते. फ्लोरिडाच्या मरीनलँडमध्ये नेली नावाची बॉटलनोज डॉल्फिन १९५३ मध्ये जन्मली आणि २०१४ मध्ये गेली, ६१ वर्षं. मायामीतली टोकिटाए नावाची ऑर्का १९७० मध्ये पकडली गेली आणि २०२३ मध्ये त्याच टँकमध्ये मेली, टँकची लांबी २५ मीटरसुद्धा नाही आणि ती स्वतः सहा मीटरच्या आसपास. ५३ वर्षं. तेवढ्या काळात तिला बघायला आलेली मुलं आजी-आजोबा झाली असतील.

फ्लेमिंगो तर बहुतेकांना शोभेचेच वाटतात. पार्कच्या बाहेर पडायच्या रस्त्यावर त्यांचा तलाव होता, सगळे फोटो काढून पुढे. आम्ही थांबलो कारण लेकीच्या पायाला चप्पल घासली होती. वीसेक पक्षी होते आणि मागच्या बाजूला मोठाले आरसे लावले होते. मला वाटलं सजावट असेल, तर नाही, फ्लेमिंगो मोठ्या थव्यातच अंडी घालायला तयार होतात, आरशात बघून त्यांना थवा मोठा वाटतो म्हणून लावतात. उडून का जात नाहीत हे लेकीनं विचारलं. बऱ्याच ठिकाणी एका पंखाची पिसं वेळोवेळी कापतात, काही ठिकाणी तर पिल्लू असतानाच पंखाचं टोकच काढून टाकतात, मग ते कधीच उडत नाहीत. इथं काय केलं होतं ते दिसण्यासारखं नव्हतं. मी तिला दोन्ही सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही.

मग तिला त्यांच्या पायातल्या रिंगा दिसल्या. प्रत्येकाच्या पायात प्लॅस्टिकची रिंग, त्यावर लांबून वाचता येईल असा कोड. एक पक्षी अजून पुरता गुलाबी झालेला नव्हता, मान राखाडी होती, म्हणजे वर्षा-दोन वर्षांचा असावा. ऑस्ट्रेलियात ॲडलेडच्या झूमध्ये एक फ्लेमिंगो होता, १९३० च्या दशकात आलेला, २०१४ मध्ये गेला तेव्हा किमान ८३ वर्षांचा होता, हे मी तिला सांगितलं आणि ती बोटांवर मोजायला लागली. हा राखाडी मानेचा ८३ चा होईल तेव्हा ती ९० ची असेल. मग म्हणाली, म्हणजे मी म्हातारी झाल्यावरपण हा इथंच असेल? मी म्हटलं, हा असू शकतो, पार्क असेल की नाही माहीत नाही.

तोवर पार्क बंद व्हायची अनाउन्समेंट झाली होती. गाणी थांबली, स्लाइडचं पाणी वरून खाली थांबत थांबत आलं, आणि मागच्या इमारतीतला घूं आवाज एकदम मोठा वाटायला लागला. लेकीनं माझ्या बॅगेतून पेन काढलं, कागद नव्हता म्हणून हाताच्या पंजावर तिनं त्या राखाडी मानेच्या पक्ष्याचा कोड लिहून घेतला, आणि गाडीत बसल्यावर तो पुसायच्या आत मला फोनमध्ये टाइप करायला लावला. पुढच्या वेळी गेलो की स्लाइडवर जायच्या आधी तो शोधायचा, असं ठरलंय.